नात्यांचा तक्ता कसा काढायचा: माणसं समजून घेण्याची मानवशास्त्रातली पहिली पायरी

परक्या समाजाबद्दल कुतूहल असलं की माणूस थेट विचारतो, 'तुमच्यात लग्नं कशी होतात? बायकांना मान असतो का?' उत्तर मिळतं, पण ते पाहुण्यासाठी राखून ठेवलेलं असतं. मानवशास्त्राचा अभ्यासक आधी मतं विचारत नाही. तो नावं विचारतो. तुमच्या आईचं नाव काय, तिच्या पोटी कोण कोण झालं, कुणाचं लग्न कुठल्या गावात झालं, तुम्ही कुणाला काय हाक मारता. तासाभरात कागदावर तीसचाळीस माणसं उभी राहतात आणि लग्न, वारसा, मानपान, रुसवेफुगवे सगळं त्यातून आपोआप बाहेर यायला लागतं.

ही पद्धत रूढ केली डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी. १८९८ साली केंब्रिज विद्यापीठातल्या अभ्यासकांची एक तुकडी ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेली होती. रिव्हर्स मूळचे डॉक्टर, तिथल्या लोकांची नजर आणि इतर संवेदना तपासायला गेलेले. काही गुण घराण्यात उतरतात का हे पाहायला त्यांनी वंशावळी लिहायला घेतल्या, आणि त्या वंशावळींतून अख्ख्या बेटाची समाजरचना वाचता येते हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे १९०१-०२ मध्ये त्यांनी निलगिरीतल्या तोडा लोकांत हीच पद्धत वापरली आणि १९१० साली ती रीतसर मांडली. महाराष्ट्रात हे काम पुढे नेलं ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या इरावती कर्वे यांनी. भारतातल्या नातेव्यवस्थांचा त्यांचा १९५३ सालचा अभ्यास आजही पायाभूत मानला जातो.

पहिला तक्ता स्वतःच्या घराचा काढा. दुसरा शक्यतो वेगळ्या भाषेच्या किंवा वेगळ्या समाजातल्या घराचा. एकट्या तक्त्याला अर्थ कमी. खरा उपयोग दोन तक्ते शेजारी ठेवल्यावर होतो.

कागद आणि खुणा

ए-थ्री आकाराचा कागद आडवा घ्या. पेन्सिल, खोडरबर, वेगळी वही आणि आठ रंगीत पेन्सिली, एवढ्यावर काम भागतं. पहिला मसुदा संगणकावर करू नका. समोरच्याला कागद दिसला की तो स्वतः बोट ठेवून चुका दाखवतो. स्क्रीनकडे बघून लोक गप्प होतात.

पुरुष म्हणजे त्रिकोण, स्त्री म्हणजे वर्तुळ. लग्नासाठी बरोबरचं चिन्ह, काडीमोड झाला असेल तर त्याच चिन्हावर तिरकी रेघ. आईबापांकडून मुलांकडे उभी रेघ, भावंडांना जोडणारी आडवी रेघ त्यांच्या डोक्यावरून. थोरलं मूल डाव्या हाताला, धाकटं उजवीकडे. मयत व्यक्तीच्या खुणेवर तिरपी काट. दत्तक असेल तर दत्तक घेणाऱ्या आईबापांकडून सलग रेघ, जन्मदात्यांकडून तुटक. ज्याच्या नजरेनं तक्ता काढतोय त्या माणसाची खूण काळी भरायची. त्याला आपण 'केंद्र' म्हणू. डॉक्टर जो आनुवंशिक आजारांचा तक्ता काढतात त्यात पुरुषासाठी चौकोन असतो. तो वेगळा, गल्लत करू नका.

नाती थोडक्यात लिहायला अक्षरं ठरवून घ्या: व म्हणजे वडील, आ आई, भा भाऊ, ब बहीण, मु मुलगा, ली लेक, न नवरा, बा बायको. मग मामाची मुलगी झाली आ-भा-ली आणि आत्याचा मुलगा झाला व-ब-मु. जगातलं कुठलंही नातं या आठ खुणांत बसतं. पहिल्यांदा हे कोरडं वाटतं, पण 'मामा', 'काका' हे शब्द लिहिले की त्यांच्याबरोबर आपल्या घरातला मामा आणि काकाही कागदावर येतो. परक्या घराचा तक्ता काढताना तो तिथे नको.

विचारायचं कसं

रिव्हर्स यांचा दंडक होता: विचारताना शब्द कमीत कमी वापरायचे. आई, बाप, मूल, नवरा, बायको, बस. 'तुम्हाला भाऊ किती?' हा प्रश्न साधा दिसतो, पण फसवतो. चुलतभाऊ, मावसभाऊ, गावातला मानलेला भाऊ, सगळे 'भाऊच' असतात. 'तुमच्या आईच्या पोटी किती मुलं झाली, पहिल्यापासून सांगा' असं विचारलं की फक्त सख्खी येतात. यातही लहानपणी दगावलेली मुलं लोक मोजत नाहीत. ती वेगळी, हळू आवाजात विचारावी लागतात. आणि ती हवीतच, कारण दोन मुलांच्या वयात सहासात वर्षांची फट दिसली तर तिथे बहुतेक वेळा एखादं मूल गेलेलं असतं, नाहीतर बाप कामासाठी परगावी असतो.

क्रम असा ठेवा. आधी केंद्र आणि त्याची भावंडं, त्यांचे जोडीदार, मुलं. मग आई, आणि आईची भावंडं. वडिलांकडची बाजू नंतर. उलट क्रम घेतला तर आपल्याकडे लोक वडिलांकडच्या भावकीत रमतात, खापरपणजोबांपर्यंत चढतात आणि आईच्या माहेरची माणसं दोन वाक्यांत उरकतात. प्रत्येक लग्नापाशी जोडीदाराचं गाव लिहायला विसरू नका. सोयरीक कुठल्या टापूत फिरते हे त्यावरूनच कळतं.

घरात जुनी लिखित वंशावळ असेल तर मिळवा, पण तिच्यावर विसंबू नका. कोल्हापूर-सांगलीकडे आणि उत्तर कर्नाटकात हेळवी पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांची नावं राखत आले आहेत; तीर्थक्षेत्री उपाध्यांच्या चोपड्यांत घराण्याची नावं सापडतात. वडिलांच्या बाजूची पुरुषमंडळी तपासायला ही साधनं उत्तम. मुली त्यांत जवळजवळ नसतात, सुना आल्या तरी 'अमक्याची बायको' म्हणून. म्हणून माहितीसाठी घरातली सगळ्यांत वयस्क बाई गाठा. कुणाची सोयरीक का मोडली, हुंड्यावरून कुठे बिनसलं, कोण कुणाच्या बाळंतपणाला गेलं होतं, हे तिला तोंडपाठ असतं.

तिच्याकडून नवऱ्याचं नाव घ्यायचं झालं तर अडचण येईल. जुन्या पिढीतल्या बऱ्याच बायका नवऱ्याचं नाव उच्चारत नाहीत. नातवंडाला विचारा, किंवा उखाणा घ्यायला सांगा. त्यात नाव घ्यायची मोकळीक असते. ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी समाजांत अडचण निराळी असते, तिथे नुकत्याच वारलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. अशा ठिकाणी नावाऐवजी आकडा लिहून पुढे जायचं. नाव कुठे अडतं, हीसुद्धा नोंद आहे. वहीत लिहून ठेवा.

वयं कुणालाच नीट सांगता येत नाहीत. सनावळ विचारू नका, घटनेला बांधा. 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का?' म्हणजे डिसेंबर १९६७. 'बहात्तरच्या दुष्काळात थोरला पोटात होता की खेळत होता?' लातूर-धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप, सप्टेंबर १९९३. पुण्यात पानशेतचा पूर, जुलै १९६१. एकदोन वर्षांच्या फरकानं वय हाती लागतं आणि तेवढं पुरतं.

तक्त्यात सगळ्यांत जास्त चुका होतात त्या नावांपायी. लग्नात नाव बदललेली बाई माहेरच्या माणसांकडून एका नावानं कळते, सासरच्यांकडून दुसऱ्या, आणि कागदावर तिची दोन वर्तुळं होतात. प्रत्येक विवाहितेची दोन्ही नावं एकाच खुणेखाली लिहा. दुसरी चूक हाकेची. जुन्या एकत्र कुटुंबांत चुलत भावंडांचं आणि काका-आत्यांचं ऐकून मुलं स्वतःच्या बापाला 'काका' आणि आईला 'वहिनी' म्हणत. म्हणून प्रत्येक नात्यासाठी दोन रकाने करा: हाक मारताना काय म्हणता, आणि तिऱ्हाइताला सांगताना काय म्हणता. बोलणारा पुरुष आहे की बाई हेही लिहा. पुरुषाच्या भावाचा मुलगा पुतण्या, बाईच्या भावाचा मुलगा भाचा. शब्द बोलणाऱ्यावर ठरतो.

रंग भरा

तक्ता पूर्ण झाला की त्याच्या चारपाच प्रती काढा आणि आईवडिलांची पिढी रंगवा. नियम एकच: ज्यांना एकाच शब्दानं ओळखतात त्यांना एकच रंग. फक्त आई, वडील आणि त्यांची सख्खी भावंडं धरा. काकू, मामी सध्या नकोत.

मराठीत सहा रंग लागतात: वडील, काका, मामा, आई, मावशी, आत्या. तमिळमध्ये आठ लागतात, कारण वडिलांचा थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांना वेगळे शब्द आहेत, आईच्या थोरल्या-धाकट्या बहिणींनाही. जुन्या हवाई बेटांवर दोनच: आईबापांच्या पिढीतले सगळे पुरुष एक, सगळ्या बायका एक. उत्तर अमेरिकेतल्या सेनेका लोकांत चार रंग, इंग्रजीतही चार, पण वाटणी पार वेगळी. इंग्रजीत काका आणि मामा एका रंगात जातात, मावशी-आत्या दुसऱ्या, आणि आईबाप वेगळे राहतात. सेनेकांत बाप आणि काका एका रंगात, आई आणि मावशी एका रंगात, मामा वेगळा, आत्या वेगळी.

इथे नवशिक्याची हमखास चूक होते. हवाईचा तक्ता बघून वाटतं, 'यांना बाप कोण हेच माहीत नसावं.' ही चूक बड्या माणसांनीही केली. १८७१ साली जगभरच्या नातेसंज्ञा पहिल्यांदा एकत्र मांडणारे ल्युईस हेन्री मॉर्गन यांनी हवाईच्या शब्दांवरून तिथे पूर्वी सामूहिक विवाह असले पाहिजेत असं अनुमान काढलं आणि समाजांची रानटी ते सुसंस्कृत अशी शिडी लावली. पुढच्या अभ्यासकांनी ती शिडी काढून टाकली. शब्द एक असला म्हणजे माणूस ओळखता येत नाही असं मुळीच नसतं. जन्मदाता कोण हे हवाईच्या मुलालाही ठाऊक असे. शब्द सांगतो तो हक्क आणि कर्तव्य: कुणाच्या घरी हक्कानं जेवायला बसायचं, कुणापुढे जपून बोलायचं, कुणाशी लग्न जमणार नाही.

आता तमिळ आणि मराठी प्रती शेजारी ठेवा आणि तुमच्या पिढीतली भावंडं रंगवा. तमिळमध्ये काकाची आणि मावशीची मुलं भावंडांच्या रंगात जातात, मामाची आणि आत्याची मुलं वेगळ्या रंगात, कारण त्यांच्याशी लग्न होऊ शकतं. मराठीत मामेबहीण, आतेबहीण, चुलतबहीण, मावसबहीण, सगळ्या 'बहिणी'. तरीही महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाच्या मुलीवर मुलाचा पहिला हक्क मानला जातो. उत्तर भारतात बहुतेक हिंदू जातींना असं लग्न चालत नाही. तमिळ, तेलुगू आणि कन्नड प्रदेशात अनेक समाजांत मामाची किंवा आत्याची मुलगी तर चालतेच, थोरल्या बहिणीची मुलगीही चालते. कर्वे यांनी महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात टाकला तो यामुळेच: शब्द उत्तरेचे, सोयरीक दक्षिणेच्या वळणाची. आणि तीही अर्धीच, कारण मामाची मुलगी चालणाऱ्या कित्येक जातींना आत्याची मुलगी चालत नाही. ज्या घरात आपली मुलगी दिली तिथून मुलगी आणायची नाही, असा दंडक.

हे कागदावर कसं दिसतं ते पाहा. समजा, माहिती देणारी बाई 'माझ्या आत्याबाई' म्हणून एका वर्तुळावर बोट ठेवते. ग्रामीण भागात सून सासूला आत्याबाई म्हणते, सासऱ्याला मामा किंवा मामंजी. तर हे वर्तुळ तिच्या वडिलांची बहीण आहे, की सासू? आठ खुणांनी दोन्हीकडून रेघा ओढा. व-ब आणि न-आ जर एकाच वर्तुळावर येऊन टेकले, तर हे लग्न आत्याच्या मुलाशी, म्हणजे नवऱ्याच्या बाजूनं मामाच्या मुलीशी झालेलं आहे. टेकले नाहीत तर नातं बाहेरचं, हाक मात्र जुन्या रिवाजाची. दोन्ही प्रकार एकाच घरात सापडतील. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं भाऊ-बहिणीच्या मुलांचं लग्न निषिद्ध नात्यांत धरलंय, पण रूढी असेल तर अपवाद ठेवलाय, तोही अशाच घरांसाठी.

सांगतात एक, करतात एक

तक्त्याच्या मागे तीन रकाने आखा: रीत काय सांगतात, प्रत्यक्षात किती वेळा घडलं, आणि शब्द काय सुचवतो. 'आमच्यात मामाचीच मुलगी करतात' असं ठासून सांगणाऱ्या घरातली लग्नं मोजा. बावीस लग्नांत दोनतीनच तशी निघाली तर सांगणारा खोटं बोलत नसतो. तो आदर्श सांगत असतो. मुलाच्या वयाची मामेबहीण असायला हवी, मामाशी संबंध धड हवेत, शिक्षण जुळायला हवं, आणि हल्ली शेती किती हेही बघतात. दुसऱ्या समाजाबद्दलचे बहुतेक गैरसमज पहिला रकाना वाचून दुसरा न भरल्यानं झालेले असतात. स्वतःच्या समाजाबद्दलची फुशारकीही त्यातूनच येते.

चौथा रकाना वागण्याचा करा. कोण कुणाची थट्टा करतं, कोण कुणासमोर डोक्यावर पदर घेतं, कोण कुणाच्या पंगतीला बसत नाही. वरवर अत्यंत परक्या वाटणाऱ्या चाली इथे ओळखीच्या निघतात. उत्तर क्वीन्सलंडमधल्या डिर्बल भाषेत सासू-जावयांसारख्या नात्यांत एकमेकांच्या कानावर पडेल असं बोलताना वेगळा शब्दसंग्रहच वापरत. व्याकरण तेच, शब्द जवळजवळ सगळे निराळे. विचित्र वाटतं का? मग नवऱ्याचं नाव न घेणारी आजी आठवा. आणि दुसऱ्या टोकाला लग्नातला कानपिळा: नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि वर मानपानही घेतो. १९४० साली मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी दाखवलं की थट्टा आणि दुरावा हे एकाच अडचणीवरचे दोन तोडगे आहेत. लग्नानं दोन घरं बांधली जातात आणि त्याच क्षणी त्यांच्यात कुरबुरीची शक्यता तयार होते. मग कुणाशी अंतर ठेवून वागायचं, कुणाशी ठरवून चेष्टा करायची, हे आधीच नेमून दिलेलं बरं. अडचण सगळीकडे तीच. तोडगा कुणाच्या वाट्याला आला, सासूच्या की मेहुण्याच्या, एवढं बदलतं.

बाप कोण, हे कसं लिहायचं

काही ठिकाणी उभी रेघ कुठून ओढायची हाच प्रश्न पडतो. रिव्हर्स गेले तेव्हा तोडा समाजात एका बाईची लग्नं अनेक भावांशी होत. गरोदरपणाच्या सातव्या महिन्याच्या सुमारास एक जण तिला धनुष्यबाण देण्याचा विधी करी. विधी करणारा तो त्या मुलाचा बाप, आणि दुसऱ्या कुणी तो विधी करेपर्यंत पुढच्या मुलांचाही तोच. दक्षिण सुदानच्या नुएर लोकांत मुलगा न होता कुणी वारला तर त्याचा भाऊबंद मयताच्या नावानं गाई मोजून बायको करतो. होणारी मुलं मयताची. अशा वेळी दोन रेघा ओढा, जन्माची तुटक आणि समाजानं मानलेली सलग. खाली कारण लिहा.

मग आपल्याच इतिहासाकडे बघा. १८८४ साली कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या विधवा पत्नी आनंदीबाई यांनी कागलच्या घाटगे घराण्यातला मुलगा दत्तक घेतला. तेच पुढे राजर्षी शाहू महाराज. मयताचं नाव चालावं ही गरज एकीकडे गाईंनी भागवली, दुसरीकडे दत्तकविधानानं. तक्त्यावर दोन्हींसाठी तुटक रेघ एक आणि सलग रेघ एक.

जपून

दुसरी बैठक आठवड्याभरानं घ्या, शक्यतो दुसऱ्या माणसाबरोबर, आणि पहिल्याशी ताडून बघा. फरक सापडला की लगेच चूक धरू नका. नायजेरियातल्या टिव लोकांच्या वंशावळी ब्रिटिश अमलात लिहून ठेवल्या गेल्या. पुढच्या पिढीला त्याच 'चुकीच्या' वाटल्या, कारण दरम्यान गटांचे आपसातले संबंध बदलले होते आणि पूर्वजही त्याप्रमाणे सरकले होते. भावकीत वाटणीचा दावा चालू असला की आपल्याकडेही एखादी शाखा गळते. दोन्ही आवृत्त्या तारखेसह ठेवा.

दुसरं लग्न, पळून गेलेली मुलगी, आंतरजातीय विवाह, मूल कुणाचं याबद्दलची कुजबुज, हे चारचौघांत विचारायचं नाही. कुणी आपणहून सांगितलं तर ते वहीत जातं, कागदावर जात नाही. कागदावर फक्त आकडे, आणि आकड्यांची नावं असलेली यादी वेगळ्या जागी. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारून. घरच्यांना प्रत द्यावीच, त्यांनी वेळ दिलेला असतो. पण देण्याआधी ती ज्यांच्याबद्दल आहे त्यांतल्या निदान एका बाईला आणि एका पुरुषाला वेगवेगळी दाखवा आणि काय खोडायचं ते विचारा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकायची घाई सगळ्यांनाच होते. न खोडलेली प्रत तिथे एकदा गेली की पुढची बैठक मिळत नाही.